कॅमेलियांचा ताळेबंद

पहिल्या दिवशी मला ओळखायला एकही झाड मिळालं नाही. मिळाली एक बादली.

"खाली पडलेलं प्रत्येक फूल उचलायचं," बाई म्हणाल्या. "चांगलं दिसतंय म्हणून एकही ठेवायचं नाही. फांदीवरचं तपकिरी पडलेलं दिसलं तर तेही खुडायचं."

बाई म्हणजे कॅमेलिया या फुलझाडांच्या संग्रहाच्या मुख्य माळी. आपलं नाव कुठे छापून आलेलं त्यांना खपत नाही, म्हणून इथेही त्या बाईच. मी आले होते ती 'झाडांची निगा आणि ओळख यासाठी स्वयंसेवक हवेत' ही सूचना वाचून, आणि त्यातला 'ओळख' हा शब्द मी जरा जास्तच मोठ्या अक्षरात वाचला होता. बत्तीस वर्षं हिशेबखात्यात काढलेली बाई मी. निवृत्तीनंतर हात रिकामे होते. झाडांतलं फारसं कळत नव्हतं, पण याद्या, क्रमांक, नोंदी, पडताळणी हे माझं घरचं काम. वाटलं, झाडांच्या नावांची यादी लावून द्यायची, त्यात काय एवढं!

तर बादली. उकिडवं बसून दोन तास फुलं गोळा केली. कॅमेलियाचं फूल, निदान जॅपोनिका या जातीचं, पाकळी-पाकळीने झडत नाही. पाकळ्या आणि पुंकेसर बुडाशी एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे अख्खं फूल टपकन खाली पडतं आणि जमिनीवरही ऐटीत बसून राहतं. झाडाखाली दुसरं झाड फुलल्यासारखं दिसतं. ते सगळं उचलून टाकायचं जिवावर येत होतं. मग बाईंनी एक तपकिरी फूल माझ्या हातात दिलं, उलटं करायला सांगितलं आणि देठाकडच्या हिरव्या संदलांचा पेला ओढून काढायला लावला. आत पाकळ्यांच्या बुडाशी राखाडी-पांढऱ्या बुरशीचं एक कडं होतं. शर्टाच्या कॉलरवर पावडर सांडावी तसं.

"हे दिसलं की समजायचं."

ही पाकळीकरप्याची बुरशी, सिबोरिनिया कॅमेली. पहिली नोंद जपानमधली, १९१९ सालची. १९३८ मध्ये ती कॅलिफोर्नियात सापडली, १९९३ मध्ये न्यूझीलंडमध्ये. पानाला, खोडाला ती काही करत नाही, तिला फक्त पाकळ्या लागतात. आधी एखादा तपकिरी ठिपका, त्यात शिरा जरा गडद, आणि दोन-तीन दिवसांत सगळं फूल भाजल्यासारखं. पडलेल्या फुलाच्या बुडाशी मग एक काळी, टणक गाठ तयार होते. ती मातीत वर्षानुवर्षं पडून राहते आणि एखाद्या ओलसर वसंतात तिच्यातून इवल्याशा पेल्यासारखी छत्री वर येते, बरोबर कॅमेलिया फुलायच्या वेळेला. बीजाणू वाऱ्यावर उडतात, वरच्या फुलांवर बसतात आणि चक्र पुन्हा सुरू. म्हणून बादली. ती फुलं कंपोस्टच्या ढिगात टाकायची नसतात. पिशवीत बांधून बागेबाहेर जातात. शेजारच्या बागेतून बीजाणू उडत येतातच, त्याला इलाज नाही, पण आपल्या घरची गाठ तरी आपण पेरू नये.

थंडीने जळलेलं फूलही तपकिरीच दिसतं. फरक असा की थंडी बाहेरच्या पाकळ्यांच्या कडा आधी पकडते आणि बुडाशी ते कडं नसतं. हे ओळखायला मला आठवडा लागला. कबूल करते, बागेत मी बिनचूक ओळखायला शिकले ती पहिली गोष्ट म्हणजे एक रोग.

दुसऱ्या महिन्यात बाईंनी नोंदवही दाखवली आणि माझे डोळे चमकले. संग्रहात दोनशे सात झाडं. प्रत्येकाला क्रमांक, जागा, लावल्याचं साल माहीत असेल तर साल, कुठून आलं, जात, वाण. आणि 'वाण' या रकान्यात एकसष्ट ठिकाणी नुसती रेघ. एकसष्ट! ज्या माणसाने बेरीज जुळल्याशिवाय संध्याकाळी दिवा मालवला नाही, त्याला ही रेघ कशी दिसते हे दुसऱ्याला सांगून कळायचं नाही.

नावं जातात कशी, तेही दिसलं. जुन्या पाट्या शिशाच्या पट्टीवर ठोकून केलेल्या, तारेने फांदीला बांधलेल्या. फांदी जाड होत गेली, तार सालीत रुतली, कुणीतरी ती कापली आणि पाटी खाली पाचोळ्यात गेली. प्लॅस्टिकच्या पाट्यांवरची शाई उन्हाने उडाली. एका झाडावर पाटी होती पण ती शेजारच्या झाडाची. दोघांच्या फांद्या एकमेकांत शिरल्या होत्या, तार बांधणाऱ्याने अंधारात हात घातला असणार. एक पाटी मला बुंध्याच्या आत सापडली, साल तिच्यावरून चढून गेलेली, बाहेर फक्त शेवटची दोन अक्षरं. ती खरवडून काढायची नाही असं बाईंनी बजावलं. झाडाला जखम करून नाव मिळवायचं नाही.

माझ्या जोडीला एक वयस्कर गृहस्थ होते, दहा-बारा वर्षं इथे येणारे. ते फार बोलत नसत, पण पानं पुसायला बसले की गोष्टी सांगत. पानं पुसणं हेही काम आहे. खवले कीड पानाच्या खालच्या बाजूला कापसासारख्या पांढऱ्या पट्ट्यांत अंडी घालते, तिचा चिकट स्राव खालच्या पानांवर गळतो आणि त्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. कोमट पाणी, मऊ फडकं आणि एकेक पान. सगळी झाडं पुसून होत नाहीत, जी फार काळवंडली आहेत तेवढीच. पण त्या दोन-तीन तासांत पान हातात राहतं, आणि पुढे कळलं की तीच खरी शिकवणी होती.

"ज्याच्यावरून हे नाव पडलं," ते एकदा म्हणाले, "त्याने हे फूल बहुधा पाहिलंच नसेल." गेओर्ग योसेफ कामेल हा मोराव्हियातला जेझुइट धर्मसेवक, जन्म १६६१, मृत्यू १७०६. मनिलात औषधालय चालवायचा, फिलिपिन्समधल्या वनस्पतींची वर्णनं आणि चित्रं युरोपात धाडायचा. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने त्याच्या सन्मानार्थ नाव ठेवलं कॅमेलिया. आणि १७५३ च्या ग्रंथात त्याच लिनियसने चहाला मात्र वेगळ्या घरात टाकलं, 'थीया'च्या. ती चूक दुरुस्त होऊन चहा रीतसर कॅमेलिया सायनेन्सिस झाला तो १८८७ मध्ये. म्हणजे आपण कपात ओततो तो या फुलाचा सख्खा भाऊ. "लिनियसचीही नोंद बदलावी लागते," असं म्हणून गृहस्थ हसले. माझ्याकडे बघून हसले, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मग एकदाची ओळखीची शिकवणी सुरू झाली. मला वाटत होतं, फूल बघायचं, पुस्तकातल्या चित्राशी ताडायचं, नाव लिहायचं. बाईंनी त्यावर काही न बोलता मला एकाच झाडाची पाच फुलं तोडायला सांगितली. पाचही टेबलावर ओळीने ठेवली. पहिल्यात पुंकेसरांचा स्वच्छ सोनेरी झुबका. दुसऱ्यात पुंकेसरांमध्ये दोन-तीन चुरगळलेल्या पाकळ्या. तिसऱ्यात मधोमध पाकळ्यांचा गोळाच. चौथं पहिल्याहून दीड सेंटिमीटर लहान. पाचवं दोन दिवस जुनं, त्याचा गुलाबी निळसर पडलेला. झाड एक, दिवस एक. "आता सांगा, कोणत्या फुलाशी चित्र ताडणार?"

फुलांच्या ठेवणीचे सहा प्रकार मानतात: एकेरी, अर्धदुहेरी, ॲनिमोनीच्या फुलासारखी, पिओनीच्या फुलासारखी, गुलाबासारखी दुहेरी आणि पूर्ण दुहेरी, ज्यात पाकळ्या कौलांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि पुंकेसर दिसतच नाहीत. या सहांच्या सीमा झाडांना माहीत नसतात. हवा, खत, झाडाचं वय, कळी हंगामाच्या सुरुवातीची की शेवटची, सगळ्याने फूल बदलतं. म्हणून इथली पद्धत अशी: हंगामात तीन वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक वेळी निदान तीन ताजी फुलं. फोटो समोरून, बाजूने, मागून. शेजारी मोजपट्टी आणि करड्या रंगाचा कागद. मग फूल उभं चिरून अंडाशय भिंगाखाली. पान वरून, खालून. पानाचा देठ. कोवळी फांदी. कळीवरची खवली हिरवी की काळपट. आणि रंग.

रंगाचंच प्रकरण मोठं आहे. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा रंगतक्ता म्हणजे पंख्यासारख्या उलगडणाऱ्या पट्ट्यांची चळत. प्रत्येक रंगाच्या चौकोनात मधोमध एक भोक असतं. पट्टी पाकळीवर ठेवायची आणि भोकातून दिसणारी पाकळी आजूबाजूच्या रंगात मिसळून दिसेनाशी होते का बघायचं. दिसेनाशी झाली की तो तुमचा रंग. हे थेट उन्हात करायचं नाही, सावलीतल्या एकसारख्या उजेडात करायचं. मला 'गुलाबी' हा एक शब्द पुरेसा वाटायचा. पहिल्या दिवशी एका पाकळीवर मी चाळीस मिनिटं घालवली आणि भोकातली पाकळी काही केल्या नाहीशी होईना. शेवटी समजलं की ती पाकळीच कडेला एक आणि बुडाशी दुसरी आहे.

केसांची गोष्ट मला सगळ्यांत आवडली. जॅपोनिकाचा अंडाशय गुळगुळीत, सालुएनेन्सिस या दुसऱ्या जातीचा लवदार. या दोघांचा संकर म्हणजे विल्यमसाय. तो कॉर्नवॉलमधल्या केअरहेजच्या जे. सी. विल्यम्स यांनी १९२० च्या दशकात केला, चीनमधल्या युन्नानमधून जॉर्ज फॉरेस्ट या वनस्पती-संग्राहकाने आणलेल्या बियांपासून वाढवलेली सालुएनेन्सिस वापरून. विल्यमसायचा एक गुण ज्याच्या हातात बादली असते त्यालाच कळतो: सुकलेली फुलं तो स्वतःहून टाकतो. पांढऱ्या जॅपोनिकांपैकी बऱ्याच मात्र तपकिरी झालेली फुलं फांदीला लटकवून ठेवतात, ओले टी-बॅग वाळत घातल्यासारखी. सासान्क्वा या जातीची कोवळी फांदी केसाळ, पानं लहान, फुलं शरदातच येतात आणि त्यांच्या पाकळ्या सुट्या सांडतात. रेटिक्युलाटा या जातीचं पान मंद, चकाकी नसलेलं, शिरांचं जाळं उठून दिसणारं.

यावरून एक खातं मी पहिल्याच वर्षी बंद केलं, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. भिंतीकडेला एका मोठ्या फुलाच्या रेटिक्युलाटा वाणाची पाटी, खणखणीत, अक्षर शाबूत. झाडावर मात्र शरदात लहान, एकेरी, गुलाबी फुलं आली. सगळे म्हणत, यंदा फूल बारीक आलंय, माती कमी पडतेय. मी खाली पडलेल्या सुट्या पाकळ्या बघितल्या, कोवळ्या फांदीवर भिंग धरलं. लव. मग पाचोळा बाजूला करून बुंधा पाहिला तर जमिनीपासून वीतभर उंचीवर जुन्या कलमाचा सांधा, आणि त्याच्या वरचा भाग केव्हाच वाळून, कुजून, कापला गेलेला. रेटिक्युलाटा छाटापासून सहजी मुळं धरत नाही, म्हणून कलम करतात, आणि खुंट म्हणून बऱ्याचदा सासान्क्वा. वरचा धनी मेला, खालच्या खुंटाला फुटवे आले, आणि तो त्याच्या नावावर इतकी वर्षं बागेत राहत होता. आमच्या खात्यात याला काय म्हणतात ते मी बाईंना सांगितलं. त्या खूप हसल्या.

त्या हसण्याने मी फुगले, आणि तिथेच घात झाला.

क्रमांक ११२. नाव नसलेलं, दीड पुरुष उंच झाड, इमारतीच्या उत्तर भिंतीला टेकलेलं. लाल, अर्धदुहेरी, ठसठशीत फूल, मधे सोनेरी पुंकेसर. मी फोटो काढले, मोजमापं घेतली, रंग लावला, आणि तीन संध्याकाळी चित्रं धुंडाळून नाव काढलं: 'आडोल्फ ओद्यूसाँ', १८७७ चा नामांकित फ्रेंच वाण. लाल, अर्धदुहेरी, सोनेरी पुंकेसर. जुळलं! बाईंनी विचारलं, "पान?" मी म्हटलं, "हिरवं, चकचकीत." त्या दिवशी त्या कुठल्याशा पाण्याच्या नळाच्या भानगडीत होत्या. म्हणाल्या, "पेन्सिलीने लिहून ठेवा." मी शाईने लिहिलं. एवढंच करून थांबले नाही, ॲल्युमिनियमची नवी पाटी ठोकून घेतली आणि बांधलीसुद्धा. एकसष्टातलं एक कमी झालं. घरी जाताना मी गुणगुणत होते.

पुढचा हंगाम. झाड भिंतीला फार टेकलं होतं, हवा खेळत नव्हती, म्हणून फुलं संपता संपता मागच्या दोन-तीन फांद्या काढायचं ठरलं. कॅमेलियाची छाटणी फुलोरा उतरल्यावर लगेच करतात, कारण उन्हाळ्यात नव्या फुटीवर पुढच्या वर्षीच्या कळ्या धरतात. उशीर केला की पुढचं वर्ष कापलं म्हणून समजा. मी कात्री स्पिरिटने पुसून भिंत आणि झाड यांच्या फटीत शिरले. खाली, गुडघ्याच्या उंचीला, एका बोटाएवढ्या फांदीवर एक उशिरा आलेलं फूल होतं. पांढरं. त्यावर गुलाबी रेषा, कुणी बारीक कुंचल्याने ओढल्यासारख्या, एखादी केसाएवढी, एखादी रुंद.

मी तिथेच बसले. फांदी कुठून निघते ते बोटाने माग काढत गेले. वाटलं, खुंटाची फूट असेल, दुसरं रोप असेल. नव्हतं. सरळ त्याच खोडातून, जमिनीपासून कितीतरी वर, लाल फुलांच्या फांदीच्या शेजारून निघालेली होती.

बाई आल्या. त्यांनी फुलाकडे बघितलंही नाही. वरच्या लाल फांदीचं एक पान तोडून माझ्या तळहातावर ठेवलं. "हे वर्षभर इथेच होतं."

पान अरुंद होतं, कडा लाटांसारख्या, आणि टोक पिळून एका बाजूला वळलेलं. होली नावाच्या काटेरी पानांच्या विलायती झुडपाच्या पानासारखं. ओद्यूसाँचं पान रुंद असतं. ही 'लेडी व्हॅन्सिटार्ट' होती, जपानमधून आलेली, १८८७ च्या सुमारास युरोपात पोचलेली, आणि रंग बदलण्यासाठी बदनाम. पांढऱ्यावर गुलाबी रेघा हे तिचं मूळ फूल. पण एखादी फांदी अचानक सगळी गुलाबी देते, एखादी सगळी लाल. बागवान याला स्पोर्ट म्हणतात. फांदीच्या शेंड्यातल्या पेशींत बदल होतो आणि तिथून पुढे ती फांदी तशीच फुलते. तिचं कलम केलं की नवा वाण. आमच्या झाडाची लाल फांदी जोमदार निघाली असणार, वर्षानुवर्षं कुणी छाटली नाही, आणि तिने सगळं झाड व्यापलं. मूळच्या लेडीबाई भिंतीकडच्या एका फांदीवर उरल्या होत्या. फूल बदललं तरी पान बदललं नव्हतं. मी शंभर पानं पुसली होती त्या झाडाची.

शाईवर रेघ मारून मी त्याखाली दुरुस्ती केली, तारीख टाकून. खोडून नव्हे, खोडायचं नसतं, हे मात्र मला आधीपासून येत होतं. पाटी उतरवताना तारेचं एक टोक बोटात घुसलं.

जोडीदार गृहस्थांना मी विचारलं, हल्ली जनुकीय चाचणी करतात म्हणे, एक पान पाठवलं की झालं. ते म्हणाले, दोन वेगळ्या वाणांत फरक करायला ती उत्तम, पण स्पोर्टमध्ये आणि मूळ झाडात फरक एवढासा की नेहमीच्या चाचणीला दोघं एकच दिसतात. शिवाय ताडून बघायला खात्रीच्या नावाचा नमुना लागतो, आणि नमुन्याचीच पाटी चुकीची असली तर? हे ऐकून मला हिशेबतपासणीतले कित्येक प्रसंग आठवले.

फुलावरचे पांढरे डाग हा आणखी एक सापळा. लाल पाकळीवर वेडेवाकडे पांढरे ढग दिसले आणि त्याच झाडाच्या काही पानांवर पिवळे ठिपके असले, तर तो वाण वेगळा नसतो, विषाणू असतो. झाड दिसायला ठणठणीत. लोकांना ते डाग इतके आवडले की मुद्दाम कलमातून विषाणू चढवून 'व्हेरिगेटेड' नावाने झाडं वाढवली गेली. मी याबाबतीत जुन्या वळणाची आहे. आजाराला वाण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण नोंदवहीत माझ्या जिभेचा रकाना नाही.

११२ नंतर मी पाट्या असलेल्या झाडांकडेही त्याच नजरेने बघायला लागले. एकशे शेहेचाळीस झाडांना नावं होती आणि आजवर त्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं, कारण ती 'झालेली' होती. दुसऱ्या हंगामात मी तीही तपासायला घेतली. काही ठिकाणी सुखद धक्का बसला. 'मासायोशी' आणि 'डोंकेलारी' अशा दोन पाट्यांची दोन झाडं, दोन टोकांना, फूल सारखंच. मला वाटलं, एक नक्की खोटं. इंटरनॅशनल कॅमेलिया सोसायटीची नोंदवही उघडली. ही संस्था १९६२ ची, आणि तिची ही जाडजूड यादी १९९३ मध्ये पहिल्यांदा छापून आली. त्यात दोन्ही नावं एकाच वाणाची निघाली. मासायोशी हे मूळ जपानी नाव; जपानमध्ये राहिलेल्या सीबोल्ड या जर्मन डॉक्टर-वनस्पतिशास्त्रज्ञाने झाड युरोपात नेलं आणि तिथे बेल्जियममधल्या एका माळ्याच्या नावाने ते ओळखलं जायला लागलं. 'लेडी क्लेअर' म्हणजेच 'आकाशिगाता', 'मॅग्नोलियाफ्लोरा' म्हणजेच 'हागोरोमो'. एकाच माणसाची दोन-तीन नावांनी खाती. आधीचं नाव ग्राह्य, बाकीची उपनावं. या कामात मी इतकी रमले की बाईंना येऊन सांगावं लागलं, बाहेर पाऊस थांबलाय आणि आच्छादन पसरायचं राहिलंय.

आच्छादन म्हणजे सालीचे तुकडे आणि पानांचं खत. कॅमेलियाची मुळं वरवर, केसासारखी, त्यामुळे बुडाशी खणायचं नाही, खुरपंसुद्धा जपून. थर चार बोटं, पण खोडाला टेकवायचा नाही. आणि लावताना रोप खोल गेलं तर ते सावकाश, दोन-चार वर्षं घेऊन मरतं. माती आम्लधर्मी लागते, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या आसपास. पाणी चुनखडीचं असलं की पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणून इथे छपराचं पाणी टाक्यांत धरतात. उन्हाळा उतरताना पाणी चुकलं की त्याचा हिशेब लगेच लागत नाही. सहा महिन्यांनी, फुलायच्या तोंडावर, टपोऱ्या कळ्या टपटप गळतात आणि माणूस थंडीला दोष देतो.

पण सगळे धक्के सुखद नव्हते. एका पूर्ण दुहेरी पांढऱ्या झाडाला 'आल्बा प्लेना' म्हणून पाटी होती. हा जुना, मानाचा वाण, १७९२ मध्ये चीनहून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून इंग्लंडला पोचलेला. दर्शक त्याच्यासमोर थांबायचे, फोटो काढायचे. आमच्या झाडाच्या नऊ फुलांपैकी चारांत, अगदी मधे, पुंकेसर होते. आल्बा प्लेनात ते नसतात. बाकीची पाच फुलं चोख. मी तीन वेळा मोजलं. ही नोंद पुढे न्यावी की नाही, यावर रात्रभर तळमळले, कारण नाव काढून घेणं हे चोरीसारखं वाटतं. सकाळी बाईंना नऊही फुलं नेऊन दाखवली. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उतरवा."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बागेच्या समितीसाठी कामाचा अहवाल द्यायचा होता. मी बसले आणि बेरीज मांडली. सुरुवातीला निनावी झाडं ६१. त्यांतली खात्रीने नाव लागलेली १४. नाव असलेल्यांपैकी ज्यांचं नाव टिकलं नाही आणि दुसरं मिळालं नाही अशी १७. अखेरची शिल्लक ६४.

मी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. दोन वर्षं, दर आठवड्याला दोन दिवस, आणि निनावी झाडं तीनने वाढली. बाईंना म्हटलं, हे असंच वाचून दाखवायचं? त्या म्हणाल्या, मग कसं वाचणार? समितीतल्या एका सद्गृहस्थांनी अपेक्षेप्रमाणे विचारलंच, की म्हणजे काम उलट दिशेने चाललंय का. मी खाली बघत बसले. जोडीदार गृहस्थांनी मागच्या रांगेतून सांगितलं, "आधी एकसष्ट माहीत होती, साहेब. आता सगळी माहीत आहेत." पुढचा विषय नळाचा होता, तो बराच वेळ चालला.

वर्षाची सुरुवात होती तेव्हा ११२ च्या त्या रेघांच्या फांदीवर आम्ही गुटी बांधली होती. फांदीची बोटभर रुंद साल गोल काढायची, आतला ओला थर नीट खरवडायचा, त्यावर भिजवलेलं शेवाळ, वरून प्लॅस्टिक, दोन्ही टोकं घट्ट. छाट घेतला असता तरी चाललं असतं, पण एकच फांदी, धोका नको म्हणून गुटी. शरदात प्लॅस्टिकला आतून पांढरी मुळं टेकलेली दिसली. मीच कापली, सांध्याच्या जरा खालून, आणि कुंडीत लावली. लाल झाडाचं काय करायचं ते ठरलं: ते तसंच राहील, वहीत 'लेडी व्हॅन्सिटार्टचा लाल स्पोर्ट, बहुधा' असं.

नवं रोप आता गुडघ्याच्या खाली आहे, सात पानं, सातही पिळलेली. दोन कळ्या धरल्या होत्या, त्या बाईंनी खुडायला लावल्या; आधी मुळं होऊ देत म्हणाल्या. मी पेन्सिल काढली होती. रेघांचं फूल मी स्वतः पाहिलं आहे, फांदी स्वतः कापली आहे, पान हातात आहे. तरी पाटीवर सध्या नुसता क्रमांक आहे, २०८.